वेचणीची वही भिजली, आता हिशोब कसा लावायचा?

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातली, नववीत आहे. कापूस वेचणीचा हिशोब बाबा वहीत लिहितेत, पण अवकाळी पावसात वही भिजली न पानं चिकटली. एवढंच वाचता येते की दोन्ही वेचण्या मिळून १५ क्विंटल कापूस न मजुरी १४,४०० रुपये. पहिल्या वेचणीला ८ रुपये किलोचा भाव होता, दुसरीला १२, कारण तेव्हा बाया भेटतच नव्हत्या. सरांनी शिकवलेली एकसामयिक समीकरणं लावली तर पहिल्या वेचणीचा कापूस ऋण ५१४ किलो येऊन राहिला! आजी म्हणते ९ क्विंटल. माझं कुठं चुकून राहिलं?

उत्तर: पोरी, आजी बरोबर आहे, आणि तुझी मांडणीही बरोबर आहे, फक्त एका कंसात घोटाळा झाला. पहिल्या वेचणीचा कापूस क्ष किलो धर, दुसरीचा य. क्विंटलचे किलो करून घे, भाव किलोचा न वजन क्विंटलचं असं ठेवलं की गणित तिथंच फसते. मग

क्ष + य = १५००
८क्ष + १२य = १४४००

पहिल्यावरून य = १५०० − क्ष. आता दुसऱ्या समीकरणात य च्या जागी हे अख्खंच्या अख्खं बसवायचं, कंसासकट:

८क्ष + १२(१५०० − क्ष) = १४४००

तुझा ऋण ५१४ उलटा फिरवून पाहिला तर दिसलं की तू १२ नं फक्त १५०० ला गुणलं न क्ष तसाच सोडला, म्हणून ७क्ष = −३६०० झालं. कंसातला क्ष पण कापूसच आहे न बेटा, त्याच्याही प्रत्येक किलोचे १२ रुपये वजा व्हायला पाहिजेत. नीट गुणलं की १८००० − ४क्ष = १४४००, म्हणजे क्ष = ९०० न य = ६००. ताळा पण करून घे: ७२०० अधिक ७२००, बरोबर १४,४००. वेचलेला कापूस ऋण असूच शकत नाही हे तुला खटकलं आणि तू विचारलंस, हे मला फार आवडलं.

आता आजीनं काय केलं असेल ते सांगतो, आमच्याकडची जुनी माणसं असंच करतात: सगळा कापूस आठानं धरला तर बारा हजार, वरचे चोवीसशे कुठून आले, दुसरीला किलोमागं चार जास्त, म्हणजे सहाशे किलो दुसरीचा, उरला नऊशे. हे तोंडी गणित नीट पाहा, आजीनं क्ष च्या जागी १५०० − य ठेवलंय, बस, क्ष आणि य ही अक्षरं तिनं वापरली नाहीत! दहावीत निश्चयक न क्रेमरची पद्धत येईल, तेव्हाही उत्तर हेच येईल. आणि हो, दोन्ही वेचण्यांना भाव सारखाच असता तर क्ष उडूनच गेला असता न कोणत्याच पद्धतीनं वेगळं काढता आलं नसतं, तेव्हा वहीत भाव लिहिणं सोडू नका म्हणावं बाबांना.

प्रश्न: लहान भावानं युरिया न डीएपी मिळून ११ बॅगा आणल्या, ७,६१५ रुपये ५० पैसे दिले, बिल नाही आणलं. खत शेतात पडलं, बारदाना गेला, भाऊ पुण्याले गेला. कोणत्या किती होत्या? (दारव्हा तालुका)

उत्तर: भाऊ, युरियाची ४५ किलोची बॅग २६६.५० न डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांची धरू. डीएपी ड, तर युरिया ११ − ड. २६६.५०(११ − ड) + १३५०ड = ७६१५.५०, सोडवलं तर ड येते ४.३२ च्या जवळपास. बॅग काही पाव-अर्धी विकत नाहीत, म्हणून ४ डीएपी न ७ युरिया धरून पाहा: ७,२६५.५० होतात न बरोबर ३५० रुपये वर उरतात. ही हमाली किंवा ऑटोचं भाडं असू शकते, नाहीतर दुकानदारानं सोबत आणखी काही गळ्यात मारलं असंल. भावाला फोन करून तेवढंच विचारा. आणि पुढच्या वेळी बिल घ्याच, १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याला ते द्यावंच लागते, नाही दिलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करता येते.