सिंपल, कंपाऊंड की कॉम्प्लेक्स? वाक्य कसं ओळखायचं?

तू लिहिलंयस की मराठी माध्यमातून दहावीला आहेस आणि वाक्य लांब दिसलं की 'कॉम्प्लेक्स' लिहून टाकतोस. परळला मी संध्याकाळी दहावीची शिकवणी घेते, तिथे दर वर्षी बरीच मुलं हेच करतात. वाक्याच्या लांबीचा इथे काहीच संबंध नाही.

आधी क्रियापदं मोज. काळ दाखवणारीच धर. 'टू वॉक' सोडून दे, आणि इज-वॉजशिवाय आलेलं नुसतं 'वॉकिंग'सुद्धा. आता हे बघ: 'ड्यू टू हेवी रेन, द ट्रेन फ्रॉम दादर टू ठाणे स्टॉप्ड निअर कुर्ला.' एवढं लांब, पण क्रियापद एकच, स्टॉप्ड. म्हणून सिंपल. आणि 'आय नो शी केम' हे चारच शब्दांचं वाक्य कॉम्प्लेक्स आहे! नो आणि केम अशी दोन क्रियापदं, मधला 'दॅट' गाळलेला. मराठीत म्हणून बघ, 'मला माहीत आहे की ती आली.' तो 'की' लगेच सापडतो.

दोन क्रियापदं निघाली की जोड कसा आहे ते पाहायचं. हे तू मराठीच्या व्याकरणात शिकलेलाच आहेस: केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्य. आणि, पण, किंवा, म्हणून यांनी जोडलेली वाक्यं बरोबरीची. इंग्रजीत अँड, बट, ऑर, सो. 'इट रेन्ड हेविली, सो द ट्रेन स्टॉप्ड' हे कंपाऊंड. कारण, जर-तर, जरी-तरी आले की एक वाक्य दुसऱ्याच्या आधाराने उभं असतं. 'द ट्रेन स्टॉप्ड बिकॉज इट रेन्ड हेविली' हे कॉम्प्लेक्स. 'कारण जोरात पाऊस पडला' एवढंच कुणी बोललं तर आपण लगेच विचारतो, मग काय झालं? असा प्रश्न पडला की ते गौण वाक्य समज. इफ, व्हेन, ऑलदो, हू, व्हिच यांनाही हेच लावून बघ.

'अँड' दिसला म्हणजे कंपाऊंड असंही नाही. 'वी ईट फिश अँड राइस एव्हरी संडे' सिंपलच आहे, कारण तिथे अँडने दोन नामं जोडलीत.

रूपांतरात 'टू… टू' आणि 'सो… दॅट' ही जोडी पक्की कर. 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' सिंपल. 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही कुड नॉट वॉक' कॉम्प्लेक्स, कारण 'कुड नॉट वॉक' हे दुसरं क्रियापद आलं.

एक चूक मात्र आपल्या मराठीतूनच येते. जरीला तरी लागतोच, म्हणून मुलं 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' लिहितात. माझ्याकडची एक मुलगी पेन्सिलीने ऑलदोच्या डोक्यावर 'जरी' लिहिते आणि स्वल्पविरामाच्या डोक्यावर 'तरी'. तेव्हापासून तिच्या वाक्यात बट येत नाही.