वाचक विचारतात: कपाटाला देणगीदार मिळतो, लाइट बिलाला नाही

प्रश्न: आमच्या गावात वाचनालयाच्या ट्रस्टने जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत गावच्या इतिहासाचं छोटं म्युझियम सुरू केलंय. काचेची कपाटं द्यायला तिघं तयार आहेत, पण प्रत्येकाला कपाटावर स्वतःचं नाव मोठ्ठ्या अक्षरात पाहिजे. आणि लाइट बिल, झाडलोट, दार उघडून बसणारा माणूस याला कोणी पैसे देत नाही. शेजारच्या सहकारी साखर कारखान्याकडून सीएसआर (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा) मिळेल का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: अहो, हे रडगाणं सगळीकडचंच आहे. नाव पाहिजे यात मला तरी काही गैर वाटत नाही, आपण लग्नातल्या ताट-वाटीवर नावं घालणारी माणसं, पण नाव कुठे लागणार, केवढं लागणार आणि किती वर्षं राहणार हे ट्रस्टने ठरवायचं, तेही ठराव करून, पैसे हातात यायच्या आधी. दाराशी एकच फलक करा, सगळ्यांची नावं एकाच मापात, लाखवाला आणि पाचशेवाला शेजारी शेजारी. आणि ज्याला कपाटच द्यायचंय त्याला सरळ सांगा की दादा, कपाट पन्नास वर्षं राहील पण त्यातला बल्ब, कुलूप, वाळवीचं औषध याचे तीन वर्षांचे पैसे सोबत द्या, नाहीतर कपाट नको. एखादा रुसेल. रुसू दे.

लाइट बिलाचं म्हणाल तर मठात लोक वडिलांच्या नावाने अन्नदानाची तिथी लावतात ना, तशी म्युझियमची तिथी लावा. एक दिवस दार उघडं ठेवायला नेमका किती खर्च येतो तो हिशोब काढा (माणूस, वीज, पाणी, झाडू, सगळं धरून), आणि तेवढ्या पैशात त्या दिवशीच्या फळ्यावर खडूने नाव. आईच्या वर्षश्राद्धाला, नातवाच्या वाढदिवसाला लोक खुशीने देतात, आणि ज्याने तिथी लावली तो त्या दिवशी घरच्यांना घेऊन बघायलाही येतो, हा त्यातला खरा फायदा.

आता कारखाना. सीएसआरचा नियम कंपनी कायद्यातला आहे, २०१३ चा, कलम १३५, आणि सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे, त्यामुळे तिथे सीएसआर म्हणून अर्ज करून उपयोग नाही. त्यांना धर्मादाय फंडातून काही देता येतं का ते विचारा. एमआयडीसीत मोठी कंपनी असेल तर मात्र जरूर जा, वारसा आणि संस्कृती जतन हे सीएसआरच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त तुमच्या ट्रस्टचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन (असे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) आणि तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड लागेल. ऑडिट वेळेवर नसेल तर कंपनीवाले चहा पाजून परत पाठवतील.

आणि एक, मदत करणारे तीन असोत की तेरा, कोण काय देणार ते कागदावर आणा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बघा, १८७२ ला उघडलं तेव्हाही त्यात जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून अशा शहरातल्या शेठ मंडळींच्या वर्गण्या होत्या, पुढे इमारतीची पार रया गेली, मग २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जतनाचं काम करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला, इमारत आणि वस्तू पालिकेच्या, जाणकारी इन्टॅकची, मोठा पैसा फाउंडेशनचा, आणि २००८ ला ते पुन्हा उघडलं. तुमच्या गावात पालिकेच्या जागी ग्रामपंचायत, इन्टॅकच्या जागी कॉलेजातले इतिहासाचे सर, पैशाला पतसंस्था. स्केल वेगळं, कागद तोच.

प्रश्न: सासूबाईंची तांब्याची घंगाळं, लाकडी मापं आणि एका लाल रुमालात बांधलेले मोडी कागद माझ्याकडे आहेत. तालुक्याच्या संग्रहालयाला द्यायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, विकून टाकतील किंवा माळ्यावर टाकतील. काय लिहून घेऊ? यावर इन्कम टॅक्सची सूट मिळते का?
(एक आजी, नाशिक जिल्हा)

उत्तर: आजी, आधी टॅक्सचं संपवते. देणगीवरची सूट, जिला लोक ८०जी म्हणतात, ती पैशाच्या देणगीवर आहे, वस्तूवर नाही. पैसे दिलेत तर चेकने किंवा यूपीआयने द्या, रोख २,००० च्या वर दिली की सूट गेली, आणि नवीन टॅक्स रेजिम घेतली असेल तर ती तशीही मिळत नाही.

मुलाची शंका अर्धी बरोबर आहे. माळ्यावर जाणं हे तसं पाप नाही, पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार, म्हणजे दिलेली प्रत्येक गोष्ट कपाटात दिसणार हा हट्ट धरू नका. पण तुमची वस्तू त्यांच्या नोंदवहीत चढली का, नंबर काय पडला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दानपत्र दोन प्रतींत करा, त्यात प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, कुठे ठोकर-डाग आहे ते, आणि एक वाक्य घाला की विकायची किंवा दुसरीकडे द्यायची वेळ आली तर आधी घरच्यांना कळवायचं. कायमचं द्यायचं नसेल तर तसं लिहा, उसनं दिलं, अमुक वर्षांसाठी. "ठेवा तुमच्याकडे" असं तोंडी सांगून दिलेल्या वस्तूंवरूनच पुढच्या पिढीत भांडणं होतात.

मापांचं मात्र तुम्हीच सांगायला हवं. मापटं, शेर, अधोली, पायली असा सेट पूर्ण आहे का? चार शेरांची पायली हे पुस्तकात मिळेल, पण तुमच्या घरी कुठल्या मापाने सालदाराला धान्य दिलं जायचं, रास मोजताना पहिलं माप कोणाच्या नावाने बाजूला काढायचे, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार. नातवाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावा आणि ते रेकॉर्डिंग वस्तूसोबतच द्या.

मोडी कागद कोणी लॅमिनेट करून देतो म्हणाला तर त्याला हातही लावू देऊ नका, सेलोटेपही नको. रुमाल आहे तसाच बांधलेला ठेवा, गठ्ठ्याचा क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता यावरूनही अभ्यासकाला खूप कळतं. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत हिंडले, त्यांच्या मागे धुळ्याला १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि त्यांना मिळालेली दप्तरं अशीच कुणाच्या तरी घरात पडलेली होती.

प्रश्न: एका शेतकऱ्याला नांगरताना जुनी नाणी सापडली, आमच्या संग्रहालयाला द्यायची म्हणतो. घेऊ का?

उत्तर: नको. जमिनीत सापडलेला ठेवा, दहा रुपयांच्या वरचा असला की, १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावा लागतो. शेतकऱ्याला घेऊन तहसीलला जा, पंचनामा होऊ दे, आणि नाणी धुऊ-घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका.

प्रश्न: माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे, संग्रहालयाच्या छपरासाठी डॉलर पाठवतो म्हणतो. खातं नंबर देऊ?

उत्तर: आधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन सिटिझन झाला असेल तर मग पुतण्या असला तरी एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) लागतो, त्याचं रजिस्ट्रेशन आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं, आणि ते नसताना एक डॉलरही घेऊ नका. पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावा, ऑडिटर विचारेल.