न केलेल्या प्रयोगाचं रीडिंग

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू मागितलेलं पत्र मी देणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव त्यात अडकून राहणार नाही.

"सदर विद्यार्थ्यास व्हॉल्युमेट्रिक ॲनालिसिसचा प्रत्यक्ष अनुभव आहे", म्हणजे थेंब मोजून द्रावणातलं प्रमाण काढायचं टायट्रेशन याला येतं, एवढी एक ओळ आणि खाली माझी सही. कारखान्याच्या लॅबमधलं तुझं प्रोबेशन संपायच्या आत ती फाइलला लागली की तुझं काम झालं. सर नाही म्हणणार नाहीत अशी तुझी खात्री होती, आणि ती चुकीची नव्हती. चौतीस वर्षं शिकवलं, त्यात एकाही मुलाला सही नाकारली नाही. दुखणं तिथेच आहे.

तुझा मेसेज मी रात्री तीनदा वाचला. बॉयलरच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तुला पाळीत दोनदा काढायची असते, थेंब सोडताना रंग नेमका कुठे बदलला ते ओळखता येत नाही, आणि रात्रपाळीला विचारायला शेजारी कोणी नसतं. मग तू रजिस्टरचं मागचं पान उलटतोस आणि कालच्या आकड्याच्या आसपासचा आकडा लिहितोस. सीनियरला एकदा चाचरत सांगून पाहिलंस, तर तो म्हणाला, "लखी नाख ने, रोज एटलुं ज आवे छे." आणि आता मला विचारतोस, सर, खरं सांगून टाकू की निभावून नेऊ?

निभावून नेऊ नकोस. जे केलं नाही ते लिहायचं नाही.

रोज तेवढंच येतं, हे त्या सीनियरचं खरं असेल. पण मग रोज काढायचं कशाला, हा विचार तू केलास का? पाण्यातले क्षार पकडून ठेवणारं सॉफ्टनरमधलं रेझिन एक दिवस थकतं. त्या दिवशी कॅल्शियम, मॅग्नेशियम पुढे सरकून बॉयलरमध्ये जातं आणि नळ्यांवर आतून पापुद्रा धरतं. पापुद्र्यामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी तापत जाते, आणि शेवटी फाटते. तीनशे चौसष्ट दिवसांचे आकडे त्या एका दिवसासाठी असतात. तो दिवस तुझ्या पाळीत आला आणि तू कालचं पान उलटलंस, तर रेझिन थकलं हे कळणार कोणाला? खाली भट्टीजवळ उभा असलेला माणूस तुझ्या आकड्याच्या भरवशावर उभा असतो, रे.

आता माझं ऐक. हे तुला सांगायला मी उशीर केला.

16 मार्च 2020, सोमवार. गुजरातमधली शाळा-कॉलेजं त्या दिवसापासून बंद झाली. सुट्टी दोन आठवड्यांची आहे असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही लॅब जशी होती तशी सोडून कुलूप लावलं. तुमचं चौथं सेमिस्टर चालू होतं, यादीतले निम्मे प्रयोग बाकी होते. कित्येक ब्युरेटांत, म्हणजे थेंब सोडायच्या काचेच्या उभ्या नळ्यांत, कॉस्टिक सोडा तसाच राहिला. 25 तारखेला देशभर लॉकडाऊन लागलं. पुढे कित्येक महिन्यांनी लॅब उघडली तेव्हा त्यांच्या काचेच्या तोट्या, म्हणजे स्टॉपकॉक, सोड्याने अशा धरून बसल्या होत्या की गरम पाण्यात ठेवूनही फिरेनात. अकरा ब्युरेट टाकून दिल्या. त्या हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

मधल्या काळात तास फोनवर. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या चळतीला फोन टेकवायचा, "आवाज येतोय का?" विचारायचं, आणि चाळीस मिनिटांनी झूम बंद पडलं की सगळ्यांनी परत आत यायचं. तुझ्या घरी फोन एकच, तो वडील कामावरून आले की तुला मिळायचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारलंच नाही.

थिअरीबद्दल माझी तक्रार नाही, हेही नीट समजून घे. लांबून शिकवण्याचं या गावाला वावडं कधीच नव्हतं. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना ग्रंथालयांच्या कामासाठी आणलं, आणि पुस्तकांच्या पेट्या संस्थानच्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. पुस्तक पेटीतून जातं, व्याख्यान फोनवरून जातं. तुमच्यातल्या दोघीतिघी तर ऑनलाइन तासाला वर्गापेक्षा जास्त प्रश्न विचारायच्या. पण त्याच महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, आणि तिथे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी रंगाची विद्या शिकवायला घेतली, ती काही पेटीतून पाठवता आली नसती. हात रंगल्याशिवाय रंगारी कसा तयार होणार?

आम्ही तेच हाताचं शिक्षण फोनवरून पाठवायला निघालो. व्हिडिओ दाखवले. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या व्हर्च्युअल लॅबच्या लिंक दिल्या. ती चांगली सोय आहे, प्रयोगाच्या आदल्या दिवशी बघून जावं अशी. पण परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन आठव. आठवणार कसं म्हणा, तू केलंच नाहीस, म्हणून सांगतो. फ्लास्कमधलं द्रावण हाताला चटका बसेल इतपत गरम केलेलं असतं. पहिला जांभळा थेंब पडतो तो जागीच तरंगत राहतो, विरत नाही. नवखा मुलगा घाबरतो, त्याला वाटतं थांबायची जागा, एंड पॉइंट, आली. तू फ्लास्क फिरवत राहतोस, आणि तो थेंब हळूहळू मावळतो. दुसरा जरा लवकर. पाचसहा थेंबांनंतर ते पडताक्षणी नाहीसे व्हायला लागतात, कारण तयार झालेलं मँगनीजच पुढच्या प्रक्रियेला वेग देत असतं. डावा हात स्टॉपकॉकवर, उजवा फ्लास्कच्या मानेवर, नजर पांढऱ्या टाइलवर. मग एक थेंब असा येतो की फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो. तिथे थांबायचं. हे थांबणं हाताला कळतं. व्हिडिओत तो गुलाबी रंग दुसऱ्या कोणीतरी थांबवलेला असतो.

आणि मी काय केलं? प्रयोगांची वही तर भरलीच पाहिजे, म्हणून तासाला फोनवरून रीडिंग सांगितली. पहिलं 10.4, दुसरं 10.4, तिसरं 10.4. लिहून घ्या. अडतीस जर्नलांत एकच आकडा. खऱ्या वर्गात अडतीस मुलांची रीडिंग कधी एक येतात का? एकाचा बुडबुडा ब्युरेटच्या टोकात, जेटमध्ये, अडकतो, एकाने फनेल ब्युरेटवर तसंच ठेवलेलं असतं, एकजण पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडतो. त्या चुकांतूनच मास्तरला कळतं की कोणाला काय येत नाही. 10.4 ने मला काहीच कळलं नाही.

तुझं जर्नल मात्र मला कळलं होतं. 2021 च्या मार्चमध्ये तू ते दिलंस. सूत्र, आकृती, कृती, सगळं सुवाच्य, आणि रीडिंगच्या चौकटीत तू पेन्सिलीने लिहिलं होतंस, "प्रयोग केला नाही." मी त्याभोवती लाल गोल काढला आणि "पूर्ण करून आणणे" असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी तू 10.4 भरून आणलंस, मी सही केली.

तू विसरला असशील, मी विसरलेलो नाही. एकवीस वर्षांच्या पोराने खरं लिहिलं होतं, आणि साठीला टेकलेल्या माणसाने ते खोडायला लावलं.

तेव्हाची परिस्थिती तुला माहीत आहे. वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही, असं वरून रोज बजावलं जात होतं. 6 जुलै 2020 ला यूजीसीने अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायलाच सांगितल्या होत्या, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने परीक्षेशिवाय पदवी नाही यावर शिक्कामोर्तब केलं होतं. तुमच्या वेळी तेच होणार हे दिसत होतं, आणि परीक्षेला बसायचं तर सर्टिफाइड जर्नल लागतं. सही अडवली असती तर अडतीस घरांतली मुलं घरी बसली असती. कोणाचा बाप रिक्षा चालवत होता, कोणाची आई पोळ्या लाटत होती. पुढच्याच महिन्यात खासवाडीच्या स्मशानात जागा मिळेना अशी वेळ आली. पंचवीस वर्षं माझ्यासोबत शिकवणारा सहकारी त्याच आठवड्यात गेला. त्या दिवसांत ब्युरेटच्या रीडिंगचा विचार कोण करत होतं? मला मधुमेह आहे, घरात ऐंशी वर्षांची आई होती. मी काही मजेत बसलो नव्हतो.

हे सगळं खरं आहे. तरीही वाट होती, आणि ती मला दिसत होती. यूजीसीच्या 29 एप्रिल 2020 च्या सूचनांत स्पष्ट होतं की मधल्या सेमिस्टरांच्या प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या सेमिस्टरात घेता येतील. 11 जानेवारी 2021 ला अंतिम वर्षाची मुलं परत आली, म्हणजे तुम्ही. मार्चमध्ये शहरातली कॉलेजं पुन्हा बंद झाली तोवर जेमतेम नऊ आठवडे मिळाले. त्या नऊ आठवड्यांत दहा-दहाच्या तुकड्या करून निदान पाच टायट्रेशनं मी घेऊ शकलो असतो. मी काय घेतलं? पोर्शन. राहिलेला पोर्शन, जो फोनवरूनही जाऊ शकत होता. आणि जे प्रयोग खरंच झाले नव्हते तिथे 10.4 च्या जागी "साथीमुळे प्रयोग घेता आला नाही" असं लिहून खाली सही करायला मला कोणी मनाई केली नव्हती. विद्यापीठाला ते आवडलं नसतं, इतकंच. माझ्या सहीखाली खरं राहिलं असतं, आणि तुला आज ठाऊक असतं की आपल्याला काय शिकायचं राहिलंय.

जे केलं नाही ते लिहायचं नाही. मी हे चौतीस वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आलो, आणि नेमकं जेव्हा लागलं तेव्हा पुसलं.

म्हणून दुसरी खोटी सही देणार नाही. पहिलीनेच तुझं नुकसान केलंय.

पण तुझ्या मेसेजमधल्या एका वाक्याचा मला राग आला, तेही सांगतो. "आम्ही कोरोना बॅच, आमचं असंच असणार." असं का असणार? 2021 पर्यंतचं माझ्या खात्यावर मांड. त्यानंतरची वर्षं तुझी आहेत. ट्यूशन घेतल्यास, दुकान सांभाळलंस, आईचं आजारपण काढलंस, सगळं मान्य. पण नोकरी लागून तीन महिने झाले, त्यात एक रविवार तू कोणाच्या लॅबमध्ये जाऊन "मला शिकवा" म्हणालास का? इंटरव्ह्यूला "टायट्रेशन येतं का" विचारल्यावर "येतं" म्हणालास. तिथे कोरोना नव्हता.

सोमवारी लॅबच्या साहेबांकडे जा. सीनियरकडे नको, साहेबांकडे. सांग की माझ्या कॉलेजच्या वर्षांत हा प्रयोग झाला नाही, मला एंड पॉइंट नीट ओळखता येत नाही, पंधरा दिवस कोणाच्या तरी हाताखाली करू द्या. आणि हेही सांग की रजिस्टरमधली काही रीडिंग मी न काढता लिहिली आहेत. कोणत्या तारखांची ते दाखव. हे दुसरं वाक्य गाळू नकोस. जीभ तिथेच अडेल हे मला माहीत आहे. ते चिडतील. काढूनही टाकतील कदाचित. काढलं तर माझ्याकडे ये, नंदेसरीपासून पादऱ्यापर्यंत माझी मुलं लॅबमध्ये बसलेली आहेत, मी स्वतः फोन करेन. त्या फोनवर मी असं सांगेन की याला टायट्रेशन येत नव्हतं, याने स्वतः कबूल केलं आणि शिकला. एवढं बोलायला मला कोणत्याही कागदाची गरज पडणार नाही.

आणि हात बसायला वेळ लागत नाही, बाळा. 1980 साली माझे सर तीन रीडिंग जुळल्याशिवाय आम्हाला लॅबमधून सोडत नसत. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी सहापर्यंत रडकुंडीला येऊन उभा असायचो, दुसऱ्या आठवड्यात चारला घरी. तुझी नजर चांगली आहे, अक्षर स्थिर आहे. मी खूप हात पाहिलेत.

मी परवा पन्नास मिलीची ब्युरेट, स्टँड आणि दोन फ्लास्क विकत आणले. हार्डनेस काढायला लागणारं ईडीटीए, बफर आणि रंग दाखवणारं एरिओक्रोम ब्लॅक टी एका जुन्या विद्यार्थ्याने दिलं. मागच्या गॅलरीत उजेड चांगला येतो, तिथे टेबल लावलंय. रविवारी नऊला ये, नाश्ता इथेच कर. लाल वाइनसारख्या रंगातून जांभळट, आणि मग स्वच्छ निळा. लालसरपणाची शेवटची झाक जाईपर्यंत थांबायचं आणि तिथे थेंब थेंब सोडायचा. पन्नास मिली पाणी आणि 0.01 मोलर ईडीटीए घेतलं तर एक मिली म्हणजे लिटरला वीस मिलिग्रॅम हार्डनेस, तेव्हा घाई किती महागात पडते याचा हिशेब तूच कर.

येताना तुमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून आण. आजव्याच्या तलावातून येणारं नळाचं पाणी मी इकडे भरून ठेवतो. दोन्हीची रीडिंग काढू. तुझं जुनं जर्नल असेल तर तेही आण, लाल गोलाचं पान मला बघायचंय. कोणत्या पाण्याला किती येईल ते मी आधी काढून ठेवणार नाही.

तुझा,
सर