स्लीप मोडमध्ये डीबगर तुटतोय? आधी एवढं करा

मायक्रोकंट्रोलर झोपला की डीबगरचा (चिपमधला कोड थांबवून तपासायचं साधन) संपर्क तुटतो. बोर्ड बिघडलेला नाही, घाबरू नका. डीप स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत, कोअरचं (चिपच्या प्रोसेसरचं) क्लॉक थांबतं, सोबत डीबगचा भागही झोपतो. मग डीबगरला उत्तर कोण देणार?

सगळ्यात आधी, प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच दोन-तीन सेकंदांचा डिले टाका. हे टाळू नकाच. रीसेट होताच कोड झोपायला गेला तर नवा प्रोग्रॅम चढवायला सवडच मिळत नाही, आणि नवीन माणसाला वाटतं चिप मेली. तसं झालंच असेल तर चिपमध्ये कोड चढवणाऱ्या प्रोग्रॅमर साधनातला 'कनेक्ट अंडर रीसेट' (चिप रीसेटमध्ये धरून जोडणं) हा पर्याय वापरा. चिप बहुतेक वेळा परत हाती येते.

नेहमी होणाऱ्या चुका:

- डीबगर जोडलेला ठेवून करंट मोजणं. एसटीएम३२ मध्ये (एसटी कंपनीचे मायक्रोकंट्रोलर) डीबीजीएमसीयूचे, म्हणजे डीबगची सेटिंग ठेवणाऱ्या भागाचे, बिट सेट केले की स्टॉप मोडमध्येही (डीप स्लीपचा एक प्रकार) डीबगर टिकतो, पण क्लॉक चालू राहतात आणि करंट फुगलेला दिसतो. बहुतेक मालिकांत हे बिट साध्या रीसेटने जात नाहीत. डीबगर काढा, पुरवठा पूर्ण तोडून पुन्हा द्या, मगच मोजा.
- वीज वाचवायला सगळ्या पिन अ‍ॅनालॉग करताना एसडब्ल्यूडीच्या (डीबगर ज्यांवरून चिपशी बोलतो त्या) दोन पिनही त्यात ओढणं.

चिप उठतेय की नाही हे ब्रेकपॉइंट लावून शोधत बसू नका. उठल्यावर एक पिन हाय करा, झोपण्याआधी लो, आणि ऑसिलोस्कोपवर बघा. खरी वेळ तिथेच दिसते.

स्टँडबाय (स्टॉपहून गाढ झोपेचा मोड) सध्या बाजूला ठेवा. त्यातून उठणं म्हणजे जवळपास रीसेटच. आधी स्टॉप मोड नीट चालू द्या, अडलं की बिनधास्त विचारा.