कऱ्हाड सापडत नाही

या महिन्याच्या पत्रांत निम्मे प्रश्न 'कोणता लॅपटॉप घेऊ' असे आहेत. सगळ्यांना एकच उत्तर देते: १६ जीबी रॅम, एसएसडी, आणि पैसे देण्याआधी दुकानात उभं राहून कळफलकावर पाच मिनिटं खरोखर टाइप करून बघायचं. पैसे उरले तर बरी खुर्ची घ्या. आता बाकीची पत्रं.

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. सॉफ्टवेअरमध्ये गाव 'कऱ्हाड' टाकून शोधलं की साठेक सभासद येतात. प्रत्यक्षात तिथले दोनशेच्या वर आहेत, आणि यादी उघडली की डोळ्यांना दिसतातही. सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणतो, तुमचं टायपिंग चुकलंय. आम्ही तर शुद्ध टाइप केलंय.

शुद्धच केलंय, तरी शोध चुकतोय. हा दोष माझा जुना ओळखीचा आहे. माझी सुरुवात सांगलीत एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवण्यापासून झाली, त्यामुळे अर्ध्या र शी माझं भांडण प्रोग्रॅमिंगच्याही आधीपासूनचं.

संगणकाला 'ऱ्ह' दिसत नाही, त्याला क्रमांक दिसतात. आणि हा आडवा अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिला प्रकार: टिंबवाला ऱ हे एकच अक्षर (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमयादीत ०९३१), मग हलन्त, मग ह. दुसरा: साधा र, त्याला सुटा नुक्ता (खालचं टिंब), मग हलन्त आणि ह. तिसरा: साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक अदृश्य जोडचिन्ह (२००डी) आणि मग ह. पडद्यावर तिन्ही सारखे, छापून काढले तरी सारखे, पण शोधायला गेलं की तीन वेगळी गावं. तुमच्याकडे कुणी एका कळफलकावरून टाइप केलं असेल, कुणी फोनवरून, आणि जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेली यादी तिसऱ्याच तऱ्हेची असेल. मुलाला म्हणावं, एक सापडणारं आणि एक न सापडणारं कऱ्हाड घे, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन्हींच्या अक्षरांचे क्रमांक एकाखाली एक छाप. वाद तिथेच मिटेल.

उपाय असा. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण पहिला आणि दुसरा प्रकार एक करतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तिथे 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' दिसेल तिथे 'ऱ, हलन्त' असा बदल आपणच लिहायचा. हे साठवताना करायचं आणि शोधतानाही करायचं. सभासदाचं नाव मात्र त्याने दिलं तसंच राहू द्या, शेजारी शोधासाठी वेगळा रकाना ठेवा. 'ॲड.' आणि 'अॅड.' यांचंही असंच आहे: पहिल्यात ॲ हे एकच अक्षर, दुसऱ्यात अ आणि वर सुटा चंद्र. एनएफसी या दोघांना एक करत नाही, तेही हातानेच करावं लागतं. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणारे तर घरोघरी आहेत.

एक मात्र करू नका, जे मी केलं होतं. एका कामात वैतागून मी सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवले. अदृश्य चिन्ह, त्याची काय किंमत, असं वाटलं. ते गेल्यावर अर्धा र उठून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला. पगारपत्रकात खानावळीच्या आचाऱ्यांचे आचार्य झाले. पगार तेवढाच राहिला, पण सही करायला आलेल्या माणसांनी माझी जी टिंगल केली ती अजून आठवते.

काही अर्जांवर गाव 'कराड' असंही असणार. तो युनिकोडचा दोष नव्हे, माणसांची सवय आहे. त्यासाठी गावांच्या पर्यायी नावांचा साधा तक्ता ठेवा.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की मराठी एसएमएसचे पैसे दुप्पट का लागतात. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात, देवनागरीला १६ बिट म्हणून ७०. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. आणि इंग्रजी संदेशात एक जरी देवनागरी अक्षर घुसलं तरी सगळा संदेश ७०च्या हिशोबात जातो. मजकुराच्या शेवटी चिकटलेला तुमचा तो 'धन्यवाद' तपासा.

आमची लहान दूध डेअरी आहे, सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. बॅकअपची वेळ रात्री दोनची लावलीय. तरी रोज सकाळी ऐन संकलनाच्या गर्दीत साडेसातला मशीन रडतं. फॅट लागतं, पण पावती निघत नाही. रांगेतली माणसं आमच्यावर ओरडतात.

तुमचा सर्व्हर दोन वाजताच बॅकअप घेतोय, फक्त त्याच्या घड्याळाने. ते बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. त्याचे दोन म्हणजे आपले साडेसात. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत) २०:३० लावा, ते आपल्याकडे रात्रीचे दोन होतील. वार लावला असेल तर एक दिवस मागे सरका: आपला रविवार पहाटेचा दोन म्हणजे तिथला शनिवार २०:३०. सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर आणा असा सल्ला कुणीतरी देईल. एकट्या डेअरीपुरतं चालेल, पण मी करत नाही. साठवताना यूटीसी आणि दाखवताना आपली वेळ, ही माझी पद्धत.

याला एक अपवाद आहे, तो मी ठेच लागून शिकले. जन्मतारखेला वेळ नसते, तिला या रूपांतरातून नेऊच नका. १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्टचे साडेसहा असते, संध्याकाळचे. एका शाळेच्या दाखल्यांवर माझ्या कोडने सगळी मुलं एक दिवसाने मोठी केली होती. मुख्याध्यापकबाई रागावल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

हिंजवडीत पहिलीच नोकरी आहे. चुकून गिटमधली माझी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) डिलीट केली, तीन दिवसांचं काम गेलं. लीडला अजून सांगितलेलं नाही. काय करू?

आधी त्या फोल्डरला हात लावू नकोस, नवीन क्लोन (सर्व्हरवरून नवी प्रत) तर मुळीच घेऊ नकोस. कमिट केलं होतंस ना, म्हणजे कामाची नोंद गिटमध्ये पक्की केली होतीस ना? मग काम तिथेच आहे. गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, ब्रँच पुसतं म्हणजे नावाची पाटी काढतं, घर पाडत नाही. 'गिट रिफ्लॉग' चालव. तू कुठे कुठे होतास त्याची रोजनिशी दिसेल. त्यात तुझ्या शेवटच्या कमिटची ओळ शोध, तिच्या सुरुवातीचा क्रमांक घे आणि त्यावर नवी ब्रँच काढ. ही रोजनिशी फक्त तुझ्या मशीनवर असते, आणि अशा पोरक्या कमिटच्या नोंदी गिट साधारण ३० दिवस ठेवतं, त्यामुळे आजच कर.

कमिट नव्हतं, पण 'गिट ॲड' केलं होतं? मग 'गिट एफएससीके' ला 'लॉस्ट-फाउंड' जोडून बघ. फाइलींची नावं जातात, मजकूर मिळतो. ॲडही केलं नव्हतं, तर एडिटरच्या स्वतःच्या इतिहासात डोकाव. तिथेही नसेल तर पुन्हा लिही, तीन दिवसांचं काम एका दिवसात होतं. पहिले दोन दिवस तू काय लिहायचं तेच शोधत होतास.

लीडला सांग, पण काम परत आल्यावर. तोही एकदा हेच करून बसलेला असतो.

मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोड सगळा एआय लिहितो, हा बसून चहा पितो. विचारलं तर म्हणतो, बाबा, आता असंच असतं.

काही अंशी खरंच असंच असतं. मीही वापरते: चाचण्यांचा सांगाडा, रेग्युलर एक्स्प्रेशन, अनोळखी भाषेतलं छोटं काम. गेल्या महिन्यात त्याने मला एका लायब्ररीतलं फारच सोयीचं फंक्शन सुचवलं. असं फंक्शन त्या लायब्ररीत कधी नव्हतंच. एरर वाचायची सवय नसती तर अर्धा दिवस गेला असता.

रविवारी त्याचा लॅपटॉप मिटून ठेवा आणि पाठकोऱ्या कागदावर त्याचाच प्रोजेक्ट काढायला सांगा. कुठून काय आत येतं, कुठे साठतं, वीज गेली तर काय होतं. तुम्हाला समजलं, तर त्यालाही समजलंय. मग चहा पिऊ द्या.

डार्क थीम की लाइट?

चाळिशी लागेपर्यंत काहीही. नंतर लाइट.

ताई, आमची टीम जमिनींच्या नोंदींचं काम करते. व्हेरिएबलची नावं इंग्रजीतच असावीत असा आमच्या मॅनेजरचा आग्रह आहे. तुमचं मत?

यंत्रणेतल्या गोष्टी इंग्रजीत ठेवा: लिस्ट, कनेक्शन, रिट्राय. जमिनीच्या गोष्टी जमिनीच्या भाषेत. सातबाऱ्याचं भाषांतर काय करणार? आणि फेरफाराला इंग्रजी कागदांत म्युटेशन म्हणतात. प्रोग्रॅमिंगमध्ये म्युटेशनचा अर्थ वेगळाच, ठेवलेली किंमत जागच्या जागी बदलणं. मी एका बैठकीत बसले होते जिथे दोन मुलं वीस मिनिटं भांडली. एक फेरफाराबद्दल बोलत होता, दुसरा ॲरेबद्दल. तेव्हा रोमन लिपीत का होईना, पण फेरफारच लिहा. फक्त स्पेलिंग एकदा ठरवा आणि एका फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर एकाच कोडमध्ये खातेदार तीन प्रकारे लिहिलेला सापडेल.

थेट देवनागरीत? पायथॉन ३ मध्ये चालतं. मी घरच्या खर्चाच्या हिशोबात 'किराणा' आणि 'दूध' असे व्हेरिएबल ठेवलेत, कुणी हसत नाही. टीमच्या कामात ठेवणार नाही, कारण दर वेळी कळफलक बदलायचा कंटाळा येतो. गंमत म्हणून 'कऱ्हाड' नावाचा व्हेरिएबल करून बघा. टिंबवाल्या ऱ ने लिहिला तर मुकाट चालतो. झेडडब्ल्यूजेवाला लिहिला की पायथॉन तिथेच थांबतो आणि सांगतो, इथे न दिसणारं चिन्ह आहे. पतसंस्थेच्या त्या डेटाबेसला एवढं बोलता आलं असतं तर पहिलं पत्र आलंच नसतं.