आजोबांचे चाडे, आजीचा कुडव

प्रश्न : आजोबांच्या तिफणीचे लाकडी चाडे (पेरताना बी सोडायचे वाडगे), वखराची लोखंडी पास (माती खरवडणारे पाते) आणि आजीचा पितळी कुडव (धान्य मोजायचे माप) जोडून शिल्प करायचे आहे. वस्तू न बिघडवता ते कसे करावे?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : प्रथम चाड्याला वाळवी लागली आहे का, ते पाहावे. पितळ व लोखंड ओलाव्यात एकमेकांस टेकले, तर लोखंड लवकर गंजते. म्हणून मध्ये रबराची चकती ठेवावी. वेल्डिंग आणि छिद्रे टाळून तारेने बांधलेली जोडणी पुढे सोडवता येते, त्यामुळे भावंडांपैकी कुणी कुडव परत मागितला (आणि मागतातच!), तरी तो जसाच्या तसा देता येतो. कुडव चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्यावरचा काळसर थर शिल्पाला हवाच आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अशा जोडशिल्पांचे प्रदर्शन १९६१ मध्येच भरवले होते, तेव्हा ‘भंगार’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.