शिंपल्याला आणि स्नायूला इंग्रजीत एकच ‘मसल’ शब्द कसा?

आपण विचारले आहे की इंग्रजीत स्नायूलाही ‘मसल’ म्हणतात आणि एका शिंपल्यालाही ‘मसल’च म्हणतात, तर हा केवळ उच्चाराचा योगायोग आहे की दोन्ही शब्द मुळात एक आहेत. ते मुळात एकच आहेत, आणि त्यांचे मूळ उंदरात आहे.

लॅटिनमध्ये ‘मूस’ म्हणजे उंदीर. त्याला ‘-कुलुस’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून, आपण ‘छोटा’चे ‘छोटुकला’ करतो तसा, ‘मूस्कुलुस’ म्हणजे पिटुकला उंदीर हा शब्द तयार झाला. रोमन लोक तो स्नायूसाठीही वापरत आणि या शिंपल्यासाठीही. ग्रीकमध्ये तर प्रत्यय लावण्याचीही गरज पडली नाही. उंदराचा मूळ शब्दच स्नायू आणि शिंपला या अर्थांनीही चालत असे. संस्कृत ‘मूष’ आणि आपला ‘मूषक’ हे शब्दही याच कुळातले आहेत.

स्नायूला उंदीर का म्हणावे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. हात कोपरात दुमडून दंड आवळला की कातडीखाली एक गोळा टरारून वर येतो आणि हात सैल सोडला की नाहीसा होतो. मराठीने त्या गोळ्यात बेडूक पाहिला, म्हणून आपण ‘दंडातली बेटकुळी’ म्हणतो. रोमनांना तिथे उंदीर दिसला. शिंपल्याचे साम्य रंगात आणि आकारात असावे असे मला वाटते. मसल हातात घेऊन पाहिला तर तो लांबट, काळपट-निळा, एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला फुगीर असतो, आणि खडकाला घट्ट धरून राहण्यासाठी त्याने स्वतः तयार केलेले चिवट धागे कडेतून मिशांसारखे बाहेर आलेले असतात.

पुष्कळांचा समज असा असतो की स्नायूवाचक शब्द आधीचा आणि शिंपल्याचे नाव त्यावरून पडले. इंग्रजीपुरता क्रम उलटा आहे. शिंपल्याचे नाव जुन्या इंग्रजीतच, म्हणजे इ. स. ११०० च्या आधी, रुळलेले होते. स्नायूचा अर्थ १४व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. पुढे लेखनात दोघांची फारकत झाली: स्नायूच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’नंतर न उच्चारला जाणारा ‘सी’ राहिला, तर शिंपल्यासाठी दोन ‘एस’ लिहिण्याची रीत पडली. तो ‘सी’ पूर्णपणे मुका मात्र नाही, कारण ‘मस्क्युलर’ म्हणताना तो स्पष्ट ऐकू येतो.

वापराबाबत एक सावधगिरी सुचवतो. ‘मसल’ हे एकाच प्रजातीचे नाव नव्हे. समुद्रातला ‘ब्लू मसल’ आणि नदी-तळ्यांतले मोती देणारे मसल हे एकमेकांचे जवळचे नातलगही नाहीत. १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात आढळलेला आणि पुढे पाण्याचे नळ तुंबवणारा ‘झेब्रा मसल’ आणखी तिसऱ्याच गटातला. त्यामुळे मराठीत लिहिताना नुसते ‘मसल’ न लिहिता ‘मसल जातीचा शिंपला’ असे लिहावे. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका भाषांतरात ‘ब्लू मसल’चा ‘निळा स्नायू’ झालेला होता, आणि मजकूर किनाऱ्यावरच्या खडकांविषयी असल्यामुळेच ती चूक लक्षात आली.